पेनड्राइव्हवरून प्रोग्राम वाटता, मग त्यातल्या लायब्ऱ्यांच्या लायसन्सचं काय?

पुण्या-मुंबईत वेबसाइट बनवणाऱ्याला जेक्वेरी किंवा बूटस्ट्रॅप अशी एखादी लायब्ररी (दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्राममध्ये वापरायला तयार कोड) लागली की तो एक ओळ लिहितो आणि ती लायब्ररी थेट इंटरनेटवरून येते. आपल्याकडे ते जमत नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढच्या एखाद्या गावात शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस संकलन केंद्र असेल, तर तिथे नेट असतं तेव्हा लाइन गेलेली असते आणि लाइन येते तेव्हा टॉवर बंद असतो. म्हणून आपली पोरं एक शहाणपणाचं काम करतात. लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या उतरवून प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच ठेवतात, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतात आणि गावोगावी बसवत फिरतात. मोबाइलचं ॲप असेल तर एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, व्हॉट्सॲपवरून पुढे सरकते.

तांत्रिक बाजूने यात काही चूक नाही. फक्त एक गोष्ट बदलते. इंटरनेटवरून लायब्ररी मागवली जाते तेव्हा तिची प्रत देणारा सर्व्हर दुसऱ्याचा असतो. ती तुमच्या फोल्डरमध्ये आली आणि फोल्डर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेला की प्रत देणारे तुम्ही. ओपन सोर्स, म्हणजे कोड उघडा ठेवून वापरायला दिलेल्या प्रोग्रामच्या, लायसन्सच्या बहुतेक अटी याच देण्यापाशी सुरू होतात. घरी, वर्गात, स्वतःच्या लॅपटॉपवर काय चालवता याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

हा फरक कापसाच्या शेतकऱ्याला नवा नाही. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी स्वतःच्या शेतातलं बियाणं राखून ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने, लेबल लावून मात्र विकता येत नाही. पेरण्याचे नियम वेगळे आणि पिशवीत भरून लेबलासह हातात देण्याचे वेगळे. लायब्रऱ्यांचंही असंच आहे, फक्त तिथे लेबल काढून टाकणं हा गुन्हा ठरतो.

"फुकट आहे नं ते?"

प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांना लायसन्सबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "भाऊ, ते तं ओपन सोर्स हाये. फुकटच असते. लायसन कायले पायजे?"

फुकट आहे म्हणून बेवारस नसतं. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यातल्या 'साहित्यकृती'च्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्राम आणि डेटाबेस धरलेले आहेत. कायद्याच्या लेखी जावास्क्रिप्टची फाइल आणि कवितासंग्रह एकाच पंगतीत बसतात. हक्कासाठी नोंदणी लागत नाही. लिहिलं की हक्क आला, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. म्हणून ज्या कोडसोबत लायसन्सच नाही, तो "घ्या बाप्पा कोणीही" असा नसतो. उलट तो वाटायला सगळ्यात धोक्याचा, कारण परवानगी कोणी दिलेलीच नाही. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर उघडा दिसणारा कोड तिथल्या अटींप्रमाणे पाहता येतो, तिथल्या तिथे त्याची आपली प्रत काढता (फोर्क करता) येते. तो उचलून आपल्या पेनड्राइव्हवर टाकायची मुभा त्यातून मिळत नाही.

लायसन्स ही अटींसह दिलेली परवानगी असते. अट मोडली की परवानगी गेली आणि मागे कॉपीराइटचा भंग उरला. पैसेच घेतले नाहीत तर भंग कसला, असा युक्तिवाद अमेरिकेत करून झालेला आहे. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवण्यासाठी काही हौशी मंडळींनी फुकट वाटलेला एक प्रोग्राम होता. त्यातल्या फाइली एका कंपनीने लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या ओळी वगळून आपल्या उत्पादनात वापरल्या. जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात 2008 साली अपील कोर्टाने सांगितलं, की फुकट दिलेल्या कोडच्या अटीही खऱ्या अटी आहेत आणि त्या मोडल्या तर कॉपीराइट कायद्याखाली दाद मागता येते. आपल्याकडे जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम 63 खाली 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. कॉलेजच्या पोरांना कोणी जेलात टाकायला निघालेलं नाही. पण हाच प्रोग्राम उद्या एखाद्या सरकारी योजनेत किंवा मोठ्या संस्थेकडे जायचा असेल, तर पहिल्याच तपासणीत अडकेल तो इथेच.

सैल लायसन्स, आणि त्यातली एकच पण पक्की अट

जेक्वेरी, बूटस्ट्रॅप, रिॲक्ट ही एमआयटी लायसन्सखाली आहेत. नकाशाची लीफलेट बीएसडीच्या दोन-कलमी लायसन्सखाली, तर मोबाइल ॲप बनवायचं फ्लटर तीन-कलमी बीएसडीखाली. ही सगळी सैल लायसन्सं. वापरा, बदला, विका, तुमचा स्वतःचा कोड लपवून ठेवा, कोणी विचारणार नाही. मागणं एवढंच, की मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत गेला पाहिजे.

आणि आपल्याकडे मोडते ती नेमकी हीच अट. कशी, ते पाहू.

लीफलेटची आवृत्ती 1.9.4 ची मूळ फाइल उघडली तर वरच्या टिपेत (कमेंटमध्ये) लायब्ररीचं नाव, तिच्या वेबसाइटचा पत्ता, आणि 2010 ते 2023 व्लादिमीर अगाफोंकिन, 2010 ते 2011 क्लाउडमेड अशी कॉपीराइटची नोंद दिसते. टिपेच्या सुरुवातीलाच 'प्रिझर्व्ह' ही खूण आहे. ती माणसांसाठी नाही, यंत्रासाठी आहे. कोड आवळून लहान करणारी साधनं टिपा उडवून टाकतात; ही खूण, किंवा टिपेच्या सुरुवातीचं उद्गारचिन्ह दिसलं की ती टीप राखतात. वेबपॅकसारखं साधन तर अशा टिपा गोळा करून एका वेगळ्या लायसन्स फाइलमध्ये काढून ठेवतं. ती फाइल मुख्य फाइलच्या शेजारी पडलेली असते. मग पेनड्राइव्ह भरणारा पोरगा बघतो, "हिच्याशिवाय चालते नं प्रोग्राम?" चालतो. फाइल मागे राहते. एका क्लिकमध्ये अट मोडली, आणि मोडणाऱ्याला पत्ताही नाही.

शिवाय वरची ओळ जपली म्हणजे भागलं असंही नाही. जेक्वेरीच्या आवळलेल्या फाइलमध्ये एक ओळ असते, आणि ती लायसन्ससाठी वेबसाइटकडे बोट दाखवते. एमआयटीला परवानगीचा पूर्ण मजकूर सोबत हवा असतो. नेट नसलेल्या गावात वेबसाइटकडे दाखवलेलं बोट काय कामाचं? मजकूर 20-25 ओळींचा आहे. टाका की सोबत.

अपाची 2.0 हे जानेवारी 2004 चं लायसन्स जरा जास्त बोलतं. लायसन्सची प्रत द्या. बदललेल्या फाइलींत आपण बदल केल्याचं ठळक लिहा. आणि मूळ लायब्ररीसोबत 'नोटीस' नावाची फाइल आली असेल तर तिच्यातली श्रेयाची नोंद पुढे न्या. बदल्यात ते पेटंटची परवानगीही देतं, जी एमआयटीत स्पष्ट शब्दांत नाही. कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवणारी टेन्सरफ्लो ही लायब्ररी याच लायसन्सखाली आहे. बोंडअळी ओळखणारं ॲप बनवणाऱ्या कृषी महाविद्यालयाच्या पोरांनी ही 'नोटीस'ची अट एकदा डोळ्यांखालून घालावी.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. प्रोजेक्ट गिटहबवर चढवताना पोरं एमआयटीचा मजकूर उचलतात, त्यात स्वतःचं नाव आणि चालू वर्ष टाकतात आणि ती फाइल सगळ्या फोल्डरच्या माथ्यावर ठेवतात. फोल्डरमध्ये आपला कोड पाव आणि इतरांचा पाऊण. माथ्यावरच्या फाइलचा अर्थ मात्र असा होतो, की हे सगळं आम्ही लिहिलं. तुमचं लायसन्स तुमच्या कोडपुरतं. दुसऱ्याच्या कोडचं लायसन्स तुम्हाला बदलता येत नाही, सैल असलं तरी नाही.

जीपीएल आणि तिची भावंडं

जीपीएलचा (जनरल पब्लिक लायसन्सचा) स्वभाव निराळा. 1991 ची दुसरी आवृत्ती असो की 2007 ची तिसरी, मुद्दा एकच: हा कोड मिसळून बनवलेला प्रोग्राम वाटलात, तर तो अख्खा प्रोग्राम जीपीएलखालीच द्यावा लागेल आणि घेणाऱ्याला सोर्स कोडही, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारा मूळ कोड, मिळायला हवा. पैसे घ्यायला बंदी नाही. "जीपीएल विकता येत नाही" हा आपल्याकडे घट्ट बसलेला गैरसमज आहे. विका, पण सोर्ससकट.

एलजीपीएल लायब्रऱ्यांसाठी बनलेलं आहे. तुमचा प्रोग्राम बंद ठेवता येतो, पण घेणाऱ्याला त्या लायब्ररीची नवी किंवा बदललेली आवृत्ती जुन्याच्या जागी बसवता आली पाहिजे. लायब्ररी वेगळी फाइल म्हणून ठेवली तर हे सोपं जातं; आपल्या प्रोग्रामच्या पोटात एकजीव केली तर कटकट वाढते. मोझिलाचं एमपीएल 2.0 त्याहून सुटसुटीत: त्यांच्या फाइली, हात घातलेल्या असोत वा नसोत, उघड्या ठेवा, बाकी तुमचं तुम्ही बघा.

एजीपीएल मात्र नीट समजून घ्या. संकलन केंद्राच्या प्रोग्राममध्ये शेतकऱ्याला वजनाची पावती पीडीएफमध्ये द्यायची असते. जावामध्ये पीडीएफ म्हटलं की शोधल्यावर पहिल्यांदा हाती लागतं ते आयटेक्स्ट. जुन्या ट्युटोरियलमध्ये ते मोकळं असल्याचं लिहिलेलं असतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. पण 2009 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून आयटेक्स्ट एजीपीएलखाली आहे. म्हणजे ते आत घेऊन प्रोग्राम वाटलात तर तुमचा अख्खा प्रोग्राम एजीपीएलखाली सोर्ससकट द्यायचा, नाहीतर त्यांच्याकडून व्यावसायिक लायसन्स विकत घ्यायचं. एजीपीएलचं 13 वं कलम आणखी पुढे जातं. कोड बदलून तो सर्व्हरवर ठेवला आणि लोक नेटवरून वापरू लागले, तर प्रत कोणाच्या हातात न देताही त्यांना सोर्स देणं लागतं. प्रोग्राम बंद ठेवायचा असेल तर अपाचीची पीडीएफबॉक्स आहे, किंवा जुन्या आयटेक्स्टमधून फुटलेली ओपनपीडीएफ आहे, जी एलजीपीएल आणि एमपीएलखाली मिळते. मराठी जोडाक्षरं नीट उमटतात का, ते आधी एक पावती छापून बघा. लायसन्स जुळलं आणि 'क्षेत्र' फुटून आलं तर शेतकरी पावती तोंडावर फेकेल.

लायसन्सं एकमेकांशी जुळतातच असंही नाही. अपाची 2.0 चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रोग्राममध्ये घालता येतो. नुसत्या दुसऱ्या आवृत्तीत चालत नाही, कारण अपाचीच्या पेटंटसंबंधीच्या अटी तिथे जास्तीच्या ठरतात. लायब्ररी निवडायच्या आधी हे बघितलेलं बरं. नंतर उकलायला घेतलं की अख्खं काम उसवतं.

कंपनीच्या आत चालणारा प्रोग्राम, मग त्यात जीपीएल असली तरी, वाटलेला धरत नाहीत. एकाच उत्पादक कंपनीच्या स्वतःच्या केंद्रांवर तो फिरला तर सोर्स मागणारा कोणी नाही. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या कंपनीला दिला, की वाटप झालं.

शाळेतला डबा

गडचिरोली-मेळघाटच्या बाजूला नेट नसलेल्या शाळांसाठी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरचा छोटा डबा बसवायची कल्पना अनेकांना सुचते. त्यात नेटशिवाय धडे दाखवणारं कोलिब्री, विकिपीडियाची ऑफलाइन प्रत, थोडे व्हिडिओ. मुलं वायफायने जोडून बघतात. छान कल्पना आहे. पण तो डबा म्हणजे लायसन्सांचं अख्खं गाव. कोलिब्री एमआयटीखाली, ऑफलाइन विकिपीडिया दाखवणारं किविक्स जीपीएलखाली, विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय द्या आणि तसंच पुढे वाटा या लायसन्सखाली, आणि सगळ्यांच्या खाली लिनक्सचा कर्नेल (गाभा), जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत.

मेमरी कार्डावर हे सगळं भरून शाळेला दिलं की तुम्ही लिनक्सचे वाटपकर्ते. इथे लोक म्हणतात, "सोर्स तं त्यायच्या वेबसाइटवर हायेच." वस्तूरूपाने प्रत देताना एवढं पुरत नाही. दुसऱ्या आवृत्तीत साधे मार्ग दोन: सोर्स सोबतच द्या, किंवा मागेल त्याला फक्त प्रत काढून पाठवण्याच्या खर्चात सोर्स देऊ असं लेखी द्या, आणि ते किमान 3 वर्षं पाळा. पहिला मार्ग बरा. कार्ड बनवतानाच त्या आवृत्तीच्या पॅकेजांचे सोर्स उतरवून दुसऱ्या एका कार्डावर किंवा हार्ड डिस्कवर घ्या आणि डब्यासोबत शाळेच्या हवाली करा. 3 वर्षांनी तुम्ही कुठे असाल आणि लेखी दिलेला तुमचा पत्ता चालू असेल का, याचा घोर उरत नाही.

ही अट कागदावरची नाही. 2003 मध्ये लिंक्सिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांनी ओळखलं, सोर्सची मागणी लावून धरली आणि तो मिळवला. ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरचा प्रकल्प त्याच कोडवर उभा राहिला. 2004 मध्ये जर्मनीत हॅराल्ड वेल्टे या लिनक्सच्या एका लेखकाने म्युनिकच्या कोर्टातून जीपीएल मोडणाऱ्या राउटर कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला.

फॉन्ट आणि नकाशा

लायब्ऱ्यांकडे लक्ष दिलं तरी फॉन्ट सुटतो. 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता, गूगलचा नोटो हे देवनागरी फॉन्ट एसआयएल या संस्थेच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. प्रोग्रामसोबत बांधून द्या, प्रोग्राम विकतही द्या. फक्त नुसता फॉन्ट सुटा विकू नका, आणि त्याचं लायसन्स सोबत ठेवा. लेखकाने नाव राखून ठेवलेलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानातून 'उचललेला' फॉन्ट मात्र प्रोग्राममध्ये घालू नका. तो बहुतेक वेळा विकतचा असतो, आणि दुकानदाराने घेतला असला तरी तुम्हाला द्यायचा हक्क त्याच्याकडे नसतो.

लोकांनीच भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा 2012 पासून ओडीबीएल या डेटाच्या लायसन्सखाली आहे. नकाशावर त्यांचं श्रेय दिसायला हवं. पाड्यांच्या वाटा भरून तो डेटा सुधारलात आणि सुधारलेला नकाशा लोकांपुढे ठेवलात, तर तो डेटाही त्याच लायसन्सखाली द्यायचा. खरं तर तो थेट ओपनस्ट्रीटमॅपवरच भरावा. आपला पाडा नकाशावर आला तर बिघडलं काय? नेट नाही म्हणून त्यांच्या सर्व्हरवरून नकाशाचे तयार चौकोन हजारोंनी उतरवून ठेवणं मात्र त्यांच्या वापराच्या नियमांत बसत नाही. डेटाचं लायसन्स वेगळं, सर्व्हरचे नियम वेगळे. जिओफॅब्रिक या कंपनीकडून ओपनस्ट्रीटमॅपचा भारताचा कच्चा डेटा घ्या आणि चौकोन आपल्या कॉम्प्युटरवर बनवा.

मग करायचं काय

प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये 'थर्ड पार्टी' नावाचा एक फोल्डर करा. प्रत्येक लायब्ररीला आत स्वतःचा कप्पा, कप्प्यात तिची मूळ लायसन्स फाइल, जशीच्या तशी. वर एक साधी यादी: लीफलेट, 1.9.4, बीएसडी दोन-कलमी, कुठून घेतली, आपण काही बदललं का. ही ओळ लायब्ररी घ्याल त्याच दिवशी लिहा. सबमिशनच्या आदल्या रात्री लिहायला बसलात तर अर्ध्या लायब्ऱ्या कुठून आल्या तेच आठवत नाही.

लायब्ररीच्या पोटात आणखी लायब्ऱ्या असतात. चार नावं लिहून प्रोजेक्ट सुरू करावा आणि नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) फोल्डरमध्ये शेकडो निघाव्यात, हे नेहमीचं. हाताने मोजत बसू नका. पायथनसाठी पिप-लायसन्सेस, नोडसाठी लायसन्स-चेकर अशी साधनं यादी काढून देतात. फ्लटरमध्ये तर बरंचसं काम आयतं आहे: सगळ्या पॅकेजांची लायसन्सं ते बांधणीतच गोळा करतं आणि ती दाखवणारं पान एका फंक्शनने उघडतं. सेटिंगमध्ये 'लायसन्स' असं एक बटण द्यायचं, बस. यादीत लायसन्सचं नाव मनाने लिहू नका. एसपीडीएक्स या लायसन्सच्या नोंदीच्या पद्धतीत ठरवलेली छोटी नावं वापरा. 2021 पासून ते आयएसओ मानक आहे, आणि तपासणारी यंत्रं हीच नावं वाचतात.

यादीत 'लायसन्स नाही' अशी ओळ दिसली तर लेखकाला विचारा, नाहीतर दुसरी लायब्ररी शोधा. 'फक्त बिगर-व्यावसायिक वापरासाठी' असं दिसलं तर उत्पादक कंपनीच्या कामात ती बाद; कंपनी शेतकऱ्यांची असली तरी व्यवसायच करते. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेला तुकडा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली असतो, तेव्हा दुव्यासह श्रेय द्या किंवा समजून घेऊन स्वतः लिहा. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या लायब्ररीबद्दल निश्चिंत राहा. तिच्या लेखकांनी ती सार्वजनिक मालकीची म्हणून सोडून दिलेली आहे.

आधी वाटून झालेल्या प्रतींचं काय, हा प्रश्न येतोच. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडली की परवानगी आपोआप संपते. तिसरीत सवलत आहे: पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि हक्कदाराची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली, तर परवानगी कायमची परत मिळते. लिनक्स कर्नेलच्या अनेक लेखकांनी 2017 मध्ये आपणही हीच सवलत पाळू असं जाहीर केलं आहे. सैल लायसन्सांच्या बाबतीत व्यवहारात एकच करायचं, राहिलेल्या लायसन्स फाइली लगेच जोडायच्या. सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी सुरू होण्याआधी नवी आवृत्ती बसवायला केंद्रावर जाणं होतंच. तेव्हा जुना फोल्डर पुसून नवा टाका, आणि पेनड्राइव्ह काढण्याआधी त्या कॉम्प्युटरवर 'थर्ड पार्टी' उघडून पाहा. चालणाऱ्या फाइली सगळे नीट कॉपी करतात. मागे राहतात त्या टेक्स्ट फाइली.